“मावशी, डोकं दुखतंय”
अभ्यासपाठ : उन्हातले काम आणि आपली जबाबदारी



२ राजे, ४ थ्या अध्यायातील शुनेमकरणीच्या मुलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. कापणीच्या दिवसांत तो बापाकडे शेतात जातो आणि डोके दुखते म्हणून सांगतो. बाप त्याला गड्याबरोबर आईकडे पाठवतो; दुपारी आईच्या मांडीवर तो प्राण सोडतो. अलीशाने त्याला उठवले, हाच भाग मी नेहमी शिकवत आले. शेतातल्या डोकेदुखीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. शास्त्रात आजाराचे नाव नाही. पण उन्हात काम करताना डोके दुखणे ही धोक्याची खूण असते.

नेवाशात आमचे थोडे शेत आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये वस्तीवरच्या भिल्ल बायका कांदा काढणीला आल्या होत्या. काम उक्ते होते, म्हणून कोणी थांबत नव्हते. साडेबाराच्या सुमारास एक जण म्हणाली, “मावशी, डोकं लई दुखतंय.” मी म्हणाले, “एवढा वाफा होऊ दे, मग बस.” वाफा संपण्याआधीच ती पडली आणि बरळू लागली. तिच्या जावेने तिला लिंबाखाली नेऊन लुगडे भिजवले, आम्ही वारा घातला, दवाखान्यात नेले. ती वाचली, पण पंधरा दिवसांची मजुरी बुडाली. मला कोणी काही बोलले नाही. माझे मन मात्र बोलत राहिले.

मग मी समजून घेतले. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपला तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथल्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. उलट दमट हवेत घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात तापमान सुमारे ३८ अंश होते, तरी उष्माघाताने १४ जण दगावले. पाणी भरलेल्या उसाच्या फडातही वारा नसतो आणि दमटपणा असतो. त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. “आमच्या वेळी आम्हीही उन्हात राबलो” हे म्हणणे आता पुरेसे नाही.

आता आमच्या शेतात काम सकाळी सहाला सुरू होते आणि साडेअकराला थांबते, उरलेले चारनंतर. बांधावर जुन्या शेडनेटची सावली आणि पाण्याचा डेरा असतो. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायचे. शेतात आडोसा नसला की बाया पाणीच पीत नाहीत, म्हणून तोही केला. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून नव्या माणसाला सुरुवातीला हलके काम देतो. उक्त्याचा दर ठरवताना विसाव्याचा वेळ धरतो, नाहीतर सावली रिकामीच राहते.

कोणाचे डोके दुखले, मळमळले, चक्कर आली, तर काम तिथेच थांबवा. सावलीत बसवून साखर-मिठाचे पाणी द्या : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी घालू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका.

बवाजाने परक्या रूथला आपल्या गड्यांनी भरलेल्या भांड्यांतून पाणी प्यायला सांगितले. तिला मागावे लागले नाही.

चर्चेसाठी :
१. आपल्या शेतात, बांधकामावर किंवा अंगणात राबणाऱ्याला पाणी मागावे लागते का?
२. “डोकं दुखतंय” असे कोणी म्हणाले, तर आपले पहिले वाक्य काय असेल?