तिवईचा स्क्रू

कॅमेरा किंवा लहान दुर्बीण तिवईवर बसविण्याचा स्क्रू हरवला म्हणजे विद्यार्थी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानांत धांव घेतात आणि नुसत्या डोळ्यांनीं जाडी ताडून दुसरा घेऊन येतात. तो भोंकांत दोन-तीन फेरे सहज फिरतो. आतां काम झालें असें वाटतें. घात होतो तो येथेंच.

स्क्रूच्या अंगावर गोल फिरत जाणारी जी धार असते तिच्या फेऱ्यांस कारागीर आटे म्हणतात. जाडी व आटे हीं दोन्ही जुळलीं तरच स्क्रू जुळला असें समजावें. कॅमेऱ्याच्या तळाचें भोंक बहुधा पाव इंच जाडीच्या व इंचास २० आटे असलेल्या स्क्रूसाठीं असतें. लहान दुर्बिणींच्या बैठकींतही पुष्कळदां हेंच माप आढळतें. अधिक वजनदार यंत्रांस तीन-अष्टमांश इंची, १६ आट्यांचा स्क्रू लागतो.

एके काळीं इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं अनेक कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांचीं मापें ताडून पाहिलीं व १८४१ सालीं एक सामान्य प्रमाण सुचविलें. १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं आट्यांचा कोन ५५ अंशांऐवजीं ६० अंशांचा सुचविला, परंतु पाव इंचास २० हा आंकडा कायम राहिला. कांचेच्या पट्ट्या गेल्या, फिल्म गेली, कॅमेऱ्याच्या तळचें भोंक मात्र तेंच आहे!

आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, व त्यामुळें दुकानांत ‘एम ६’ हा स्क्रू सहज हातीं पडतो. त्याची जाडी ६ मिलिमीटर, व दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर. पाव इंचीचे हेच आंकडे ६.३५ व १.२७ असे आहेत. म्हणून एम ६ आरंभीं सैल शिरतो व लवकरच अडतो. पक्कड लावून पिळल्यास भोंकांतील पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात. न पिळल्यास दोन आट्यांच्या आधारावर मोलाचें यंत्र लोंबकळत राहतें. दोन्हींपैकीं कोणतें अधिक वाईट, हें ठरविणें कठीण!

यासाठीं पालकांस आम्ही एक सोपी परीक्षा सुचवितों. स्क्रू पट्टीवर आडवा ठेवून एका आट्याच्या माथ्यापासून पुढें दहावा आटा कोठें येतो तें पाहावें. अंतर १० मिलिमीटर भरलें तर तो एम ६. जवळजवळ १३ भरलें, म्हणजे अर्धा इंच, तर तो आपला. दुकानदारास “दोन सूत, वीस आटे” असें सांगितल्यास त्यास चटकन् कळतें.

लांबीही पाहावी. भोंकांत काडी घालून खोली मोजावी, तींत मधल्या पट्टीची जाडी मिळवावी, व स्क्रू त्याहून किंचित् आंखूड घ्यावा. लांब झाल्यास तो तळास टेकतो, आणि यंत्र पट्टीवर घट्ट न बसतां डुलत राहतें. तिवईचा स्क्रू पाव इंची व यंत्राचें भोंक तीन-अष्टमांश असेल तर नवा स्क्रू शोधूं नये; दोन्हीं बाजूंनीं आटे असलेलें पितळी बूश मिळतें, तें भोंकांत बसवावें.