कागदी ओंडके : शेकोटीचे गणित

रद्दीचा कागद भडकन पेटतो आणि पाहता पाहता विझतो. त्यामुळे लाकूड पेटवण्यापलीकडे त्याचा उपयोग कोणी करीत नाही. वास्तविक कागद लाकूड, बांबू किंवा उसाच्या चिपाडांच्या तंतूंचाच बनतो. मग लाकडाचा ओंडका तासभर जळतो आणि कागद मिनिटभरही का टिकत नाही?

हा प्रश्न मला इंदूरला पडला. तेथील पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांचे लहानसे वर्कशॉप आहे. माळव्यातला हिवाळा चांगलाच बोचरा. रात्रपाळीचा चौकीदार आवारात लोखंडी शेगडी पेटवून बसतो. लाकूड विकत आणावे लागते. उलट भिजलेले, मळलेले, रद्दीवाला न घेणारे पुठ्ठे रोज निघतात. मामा उन्हाळ्यात त्यांचे ओंडके करून ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्या कामाला हात लावला.

पृष्ठभागाचा प्रश्न

वृत्तपत्राच्या एक चौरस मीटर कागदाचे वजन ४५ ग्रॅम धरू. म्हणजे एक किलो कागद सुमारे २२ चौरस मीटर भरतो. दोन्ही बाजू मिळून ४४ चौरस मीटर पृष्ठभाग हवेला उघडा. त्याच एक किलोचा १० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३२ सेंटिमीटर लांबीचा ओंडका केला, तर पृष्ठभाग जेमतेम ०.१२ चौरस मीटर उरतो. ज्वलन पृष्ठभागावर होते. पृष्ठभाग घटला की तीच उष्णता सावकाश, बराच वेळ मिळते.

कृती

पुठ्ठ्याचे बारीक तुकडे करून एक-दोन दिवस पाण्यात भिजवावेत आणि कुटून लगदा करावा. हवा असल्यास थोडा लाकडाचा भुसा मिसळावा. तळाला व बाजूंना भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात लगदा भरून, वर फळी ठेवून जोराने दाबावे. पाणी निथळल्यावर ओंडका काढून उन्हात ठेवावा आणि अधूनमधून फिरवावा. खळ किंवा डिंक लागत नाही. लगदा सुकताना सेल्युलोजच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. कारखान्यात कागद ज्या कारणाने एकसंध होतो, त्याच कारणाने ओंडकाही होतो.

पाण्याचा हिशेब

खरी परीक्षा वाळवण्यात आहे. एक किलो कोरड्या कागदापासून सुमारे ३,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरू. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६२० किलोकॅलरी खर्च होतात. एक किलोच्या ओंडक्यात १० टक्के पाणी असेल, तर ३,४२० मधून ६२ वजा जाऊन ३,३५८ किलोकॅलरी हाती येतात. ४० टक्के असेल, तर २,२८० मधून २४८ जाऊन २,०३२ च उरतात. शिवाय ज्योत थंडावून धूर होतो. वरून कोरडा दिसणारा ओंडका आत ओला असू शकतो. म्हणून रोज वजन करावे. ते घटायचे थांबले की ओंडका वाळला. इंधन जे पाणी उडवणार, ते आधी हाताच्या दाबाने आणि वैशाखाच्या उन्हाने फुकट जाते. या कामाला उन्हाळाच हवा, तो यासाठी.

काय जाळू नये

गुळगुळीत मासिकांच्या कागदात चिनी मातीसारखी खनिजे असतात. ती जळत नाहीत, राख वाढवतात. प्लास्टिकचा थर असलेले कागदी पेले, चकाकते वेष्टन आणि यंत्रावर छापलेली गुळगुळीत बिले ओंडक्यात घालू नयेत. बंद खोलीत शेगडी मुळीच ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राण घेतो.

स्वच्छ रद्दीही जाळू नये. कागदाचे तंतू पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतात. जाळले की एकदाच. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदूरात हे विशेष पटते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर व उघड्या सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली. तेव्हा ओंडका ही कचरा पेटवण्याची पळवाट ठरू नये. आधी रद्दीवाला, मग लगदा, आणि शेवटी आपल्या आवारातली शेगडी, हा क्रम पाळावा.

सारांश, कागदी ओंडक्यात नवी उष्णता निर्माण होत नाही. असलेली उष्णता वाया जात नाही एवढेच. रात्रभर जागणाऱ्या माणसाला मात्र तेवढीही ऊब मोठी असते.