कागदावरचा सांधा

प्रास्ताविक

बंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीचे नाव होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून पडले आहे. त्या शहरात 'लेआउट' म्हणजे आधी आराखडा आखून, रस्ते व भूखंड पाडून वसवलेली वस्ती. प्रतिकृती रेल्वेच्या छंदातही हाच शब्द रूढ आहे. फळीवर मांडलेले रूळ, स्थानके, पूल आणि डोंगर यांच्या संपूर्ण मांडणीला 'लेआउट' म्हणतात. वस्ती असो वा रूळ, दोहोंचा आरंभ कागदावर होतो. कागदावर राहिलेली चूक पुढे जमिनीवर किंवा फळीवर उतरते.

मराठी वाचकाला हा छंद अगदीच अपरिचित नाही. पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. अशा मांडणीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे सांधा. अमेरिकी पद्धतीच्या सांध्याचा आराखडा संगणकावर कसा तयार करतात, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• सांध्याचे मुख्य भाग ओळखणे;
• फ्रॉगच्या क्रमांकाचा अर्थ सांगणे;
• खऱ्या रुळाच्या मापावरून प्रतिकृतीचे माप काढणे;
• छापील आराखडा पडताळून पाहण्याची गरज स्पष्ट करणे.

१. सांधा म्हणजे काय?

एका रुळावरून धावणारी गाडी ज्या रचनेमुळे दुसऱ्या रुळावर जाते, तिला सांधा म्हणतात. त्याच्या आरंभी दोन निमुळत्या, सरकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या एका बाजूला चिकटल्या की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला चिकटल्या की वळते. पुढे एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळाला छेदतो. या छेदाच्या जागी असलेल्या टोकदार भागाला अमेरिकेत 'फ्रॉग' म्हणतात. तेथे चाकाची कड जाण्यासाठी रुळात खाच ठेवावी लागते. खाच फार रुंद झाली तर चाक तीत आदळते, अरुंद झाली तर अडकते. सरळ रुळावर खपून जाणारी लहानशी चूक फ्रॉगपाशी गाडी रुळावरून उतरवते.

२. फ्रॉगचा क्रमांक

दोन मार्ग किती वेगाने एकमेकांपासून दूर होतात, हे फ्रॉगच्या क्रमांकावरून कळते. क्रमांक ६ याचा अर्थ असा की, फ्रॉगच्या टोकापासून ६ एकके पुढे गेल्यावर दोन रुळांत १ एकक अंतर पडते. अमेरिकी पद्धतीत ही लांबी दोन रुळांच्या मधून जाणाऱ्या रेषेवर मोजतात. त्यानुसार क्रमांक ४ चा कोन सुमारे १४.२५ अंश, क्रमांक ६ चा ९.५३ अंश आणि क्रमांक ८ चा ७.१५ अंश येतो. क्रमांक जितका मोठा, तितके वळण सौम्य. मात्र तितकी जागाही जास्त लागते. भारतीय रेल्वेत '१ इन १२' आणि '१ इन ८½' असे सांधे प्रचलित आहेत, त्यांमागेही हेच तत्त्व आहे.

शहरी घरातील छांदिष्टापुढे खरा पेच येथेच उभा राहतो. समजा, एका फळीवर एकमेकांपासून ५० मिलिमीटर अंतरावर समांतर रूळ टाकायचे आहेत. क्रमांक ६ घेतल्यास दर रुळामागे सुमारे ३०० मिलिमीटर लांबी खर्च होते. क्रमांक ८ घेतल्यास सुमारे ४००. असे चार रूळ असतील, तर एकूण फरक ४० सेंटिमीटरांचा होतो. म्हणून लांब डबे धावणाऱ्या मुख्य मार्गावर मोठा क्रमांक आणि मालधक्क्यापाशी लहान क्रमांक, अशी तडजोड करतात. हा निर्णय संगणक घेत नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो.

पाठगत प्रश्न १
(अ) क्रमांक ४ आणि क्रमांक ८ यांपैकी कोणत्या सांध्याचे वळण अधिक सौम्य असते?
(आ) फ्रॉगपाशी खाच का ठेवावी लागते?

३. खऱ्या मापावरून लहान माप

'एचओ' या लोकप्रिय प्रमाणात खऱ्या जगातील १ फूट म्हणजे प्रतिकृतीतील ३.५ मिलिमीटर. हे प्रमाण साधारण १ : ८७ इतके येते. अमेरिकेतील रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर आहे, म्हणून प्रतिकृतीत ते १६.५ मिलिमीटर होते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याची अचूक प्रतिकृती सुमारे १९.२ मिलिमीटरची हवी. पण बंगळुरूची मेट्रो १४३५ मिलिमीटरच्याच रुळांवर धावते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली तिची पिवळी मार्गिका एचएसआर लेआउटच्या कडेने होसूर रस्त्यावरून जाते. त्या परिसरातील रहिवाशाला अमेरिकी रुळांइतकीच रुंदी घराजवळ पाहता येते.

अमेरिकी मानकानुसार क्रमांक ६ च्या सांध्यात सरकत्या पट्टीच्या टोकापासून फ्रॉगपर्यंतचे अंतर ४७ फूट ६ इंच, म्हणजे ४७.५ फूट असते. ४७.५ ला ३.५ ने गुणल्यास सुमारे १६६ मिलिमीटर मिळतात. क्रमांक ८ साठी हेच अंतर ६८ फूट, म्हणजे २३८ मिलिमीटर होते.

४. संगणकाची मदत

पूर्वी ही आकडेमोड करून पेन्सिल, पट्टी आणि वाकवता येणारी पट्टी यांच्या साहाय्याने सांधा आखावा लागे. आता त्यासाठी संगणक-आज्ञावली उपलब्ध आहेत. ब्रिटनमधील मार्टिन विन यांनी तयार केलेली 'टेम्प्लॉट' आणि 'एक्सट्रॅककॅड' या दोन्ही विनामूल्य मिळतात.

टेम्प्लॉटचा पाया ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्यामुळे तीत अमेरिकी सांधा आखताना रुळांतील अंतर, फ्रॉगचा कोन आणि पट्ट्यांची लांबी यांची निवड बदलावी लागते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत रूळ लोखंडी बैठकीत बसवलेला असतो, तर अमेरिकी पद्धतीत सपाट तळाचा रूळ लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी ठोकतात. सरकत्या पट्ट्या सरळ असतात, वळण त्यांच्या पुढे सुरू होते आणि फ्रॉग पुन्हा सरळ असतो. पट्ट्यांच्या टोकाशी दोन स्लीपर मुद्दाम लांब ठेवतात. त्यांवर सांधा बदलण्याचे उपकरण बसते. आराखड्यात हे दोन स्लीपर नसले, तर जाणकाराला तो अमेरिकी वाटत नाही.

५. कागदाकडून रुळाकडे

आराखडा छापताना कागदात मावण्यासाठी चित्र आक्रसून छापण्याची सोय बंद ठेवावी. चित्र केवळ तीन टक्के लहान झाले, तरी १६.५ मिलिमीटरचे अंतर १६ मिलिमीटर होते आणि गाडीची चाके त्यावर बसत नाहीत. म्हणून छापल्यावर पट्टीने माप घ्यावे. मोठा सांधा एका कागदावर मावत नाही. तेव्हा जोडखुणा जुळवून कागद चिकटवावे.

त्यानंतर आराखड्यावर स्लीपर मांडतात आणि कानशीने घासलेले रूळ त्यांवर बसवतात. दोन रुळांतून वीज वाहत असल्याने फ्रॉगपाशी विरुद्ध बाजूचे रूळ एकमेकांना भिडणार नाहीत, याची दक्षता घेतात. रुळांमधील अंतर मात्र धातूच्या मापकानेच तपासतात. कागद रुळाची जागा दाखवतो. जागा अचूक आहे की नाही, हे मापक सांगतो. शेवटी एक डबा बोटाने हळूच ढकलून पाहतात. तो न अडखळता दोन्ही मार्गांनी गेला, तरच सांधा साधला.

आपण काय शिकलो?

सांध्याचा क्रमांक जागा आणि वळण यांचा मेळ घालून निवडावा लागतो. आज्ञावली आकडेमोड जलद करते. पण योग्य माहिती देणे, छापील माप पडताळणे आणि रूळ तपासणे ही जबाबदारी माणसाचीच असते.

शब्दार्थ

प्रतिकृती – हुबेहूब लहान नमुना
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच, सॉफ्टवेअर
मार्गिका – ठरावीक रेल्वेमार्ग
मानक – सर्वमान्य ठरवलेले माप

पाठान्त प्रश्न

१. मुख्य मार्गावर आणि मालधक्क्यापाशी वेगवेगळ्या क्रमांकांचे सांधे का वापरतात?
२. खऱ्या सांध्यातील ७८ फूट लांबी 'एचओ' प्रमाणात किती मिलिमीटर होईल?
३. 'कागद रुळाची जागा दाखवतो. जागा अचूक आहे की नाही, हे मापक सांगतो' – हे विधान तुमच्या परिचयातील शिवणकाम, सुतारकाम किंवा बांधकाम यांतील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) क्रमांक ८; (आ) चाकाची कड छेदणाऱ्या रुळातून पार जाण्यासाठी.