दुसरा कोण होता?

ठाण्याच्या तलावपाळीवर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे जण बसतो. याला तीस वर्षं होत आली. पूर्वी कटिंग चहा असायचा, आता डॉक्टरांच्या कृपेने तो बिनसाखरेचा झाला आहे. विषय मात्र तोच राहिला: आपापल्या खेळावर सगळ्यांत जास्त हुकूमत कोणी गाजवली? मंडळी अशी. गणिताचे एक निवृत्त मास्तर. मस्कतला वीस वर्षं नोकरी करून परतलेला एक, ज्याला आम्ही मस्कतच म्हणतो. एक जुना क्लब क्रिकेटर, ज्याला आपलाच शब्द शेवटचा वाटतो. आणि मी, बँकेतला निवृत्त कारकून. या विषयातला माझा अधिकार एवढाच, की आयुष्यात मी सलग सहा वर्षं दुसरा आलो आहे. ते पुढे येईलच.

१. ‘श्रेष्ठ’ आणि ‘वरचढ’ यांची गल्लत केली की संध्याकाळ फुकट जाते.

आमची सुरुवातीची कितीतरी वर्षं अशी गेली. सचिनचं नाव निघायचं आणि पुढे बोलणंच खुंटायचं. एकदा मास्तरांनी वही उघडली. कसोटीतली सरासरी: सचिन ५३.७८, कॅलिस ५५.३७, लारा ५२.८८, द्रविड ५२.३१, पाँटिंग ५१.८५. क्लब क्रिकेटर अर्धा चहा तसाच टाकून उठला आणि दोन शनिवार फिरकला नाही. तिसऱ्या शनिवारी मास्तर त्याला म्हणाले, “अरे, मी सचिनला लहान कुठे म्हटलं? तो ज्या घोळक्यात उभा होता तो घोळकाच उंच होता.” तो मुकाट्याने बसला. पटलं असं अजूनही म्हणत नाही.

२. पहिल्याकडे नंतर बघा, आधी दुसरा शोधा.

हे मी कॅरमच्या बोर्डावर शिकलो, पण दाखला ब्रॅडमनचाच द्यावा लागतो. ५२ कसोटी, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. ओव्हलवर १९४८ साली शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या तर शंभर झाली असती, पण एरिक हॉलिसने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. खरी गंमत खालच्या ओळीत आहे. ग्रॅम पोलॉक ६०.९७, जॉर्ज हेडली ६०.८३, हर्बर्ट सटक्लिफ ६०.७३. हे तिघेही एरवी कुठल्याही यादीच्या माथ्यावर शोभतील असे. त्यांच्यात आपसांत अर्ध्या धावेचंही अंतर नाही, आणि त्यांच्यापासून ब्रॅडमनपर्यंत जवळजवळ चाळीस धावांचं रान मोकळं पडलेलं आहे.

मस्कत म्हणाला, “उंच उडीत सांग.” मास्तरांनी हिशेब मांडला: दुसऱ्याची उडी २.४५ मीटर असेल तर पहिल्याला चार मीटरवरून पलीकडे जावं लागेल. मग स्वतःच स्वतःला खोडलं. म्हणाले, शरीराला मर्यादा असते, सरासरीला तशी नसते, तेव्हा ही तुलना लबाडीची आहे. खरं मोजमाप वर्गातल्या गुणांसारखं हवं. सगळ्या वर्गाला ८० ते ९० मिळत असतील तर ९५ वाला ठळक दिसतो. गुण ३० पासून ९० पर्यंत विखुरलेले असतील तर तोच ९५ वाला तेवढा मोठा वाटत नाही. चार्ल्स डेव्हिस या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने नेमकं हेच केलं: वेगवेगळ्या खेळांतले दिग्गज आपापल्या गर्दीच्या सरासरीपासून किती पायऱ्या वर आहेत ते मोजलं. ब्रॅडमन ४.४ पायऱ्या वर निघाला, पेले ३.७, मायकेल जॉर्डन ३.४.

आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये? तिथे ब्रॅडमनची सरासरी ९५.१४ आणि त्याच्या खाली, बराच खाली, ७१.६४ वर आपले मुंबईचे विजय मर्चंट. मर्चंट जगात दुसरे होते हे वाक्य मी एरवी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दुसऱ्यांचं असंच असतं.

ब्रॅडमनला रोखायला इंग्लंडने १९३२-३३ मध्ये अंगावर मारा करण्याचा डाव रचला, तो ‘बॉडीलाइन’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७ पर्यंत खाली आली. बेत यशस्वी झाला असं म्हणायचं, आणि मग वरची सचिन-लाराची ओळ पुन्हा वाचायची.

३. समोर किती जण होते ते मोजा, पण मोजून झाल्यावर कुत्सितपणे हसू नका.

ध्यानचंद यांचं नाव निघालं की मास्तर हळूच आठवण करून देतात की १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघ तीनच होते. भारत, जपान आणि यजमान अमेरिका. अमेरिकेला आपण २४-१ असं हरवलं. त्यांतले दहा गोल रूपसिंगचे, आठ ध्यानचंद यांचे. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण समोर संघ कसला होता? ठीक. मग १९३६ ला बर्लिनमध्ये जर्मनीला त्यांच्या घरात, अंतिम सामन्यात ८-१ हरवलं ते कशात धरायचं?

स्त्रियांच्या बुद्धिबळाचंही तेच. राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेलंच नाही. वासंती एकदा, जयश्री चार वेळा, रोहिणी पाच वेळा. खेळणाऱ्या बायका थोड्या होत्या हे खरं. पण त्या थोड्या असताना घरातल्या तिघी पटापुढे बसल्या, हीसुद्धा त्या हुकुमतीचीच बाजू नाही का?

या मुद्द्यावर माझं मत हेदर मॅके या ऑस्ट्रेलियन स्क्वॉशपटूला. साऱ्या कारकिर्दीत ती दोन सामने हरली, १९६० आणि १९६२ मध्ये. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, एकही नाही. ब्रिटिश ओपन सलग सोळा वेळा. ‘तेव्हा खेळत होतं कोण?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, प्रतिस्पर्धी निवडायचा अधिकार कोणालाच नसतो. समोर येईल त्याला हरवायचं, आणि ते वीस वर्षं कंटाळा न करता करायचं.

४. हुकूमत सामना सुरू होण्याआधीच सुरू झालेली असते.

आता माझं. बँकेच्या वार्षिक कॅरम स्पर्धेत मी सलग सहा वर्षं अंतिम फेरीत हरलो, सहाही वेळा एकाच माणसाकडून. ते आमच्या शाखेतले शिपाई, वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. गिरणगावातल्या चाळीत खेळून तयार झालेला हात. बोर्डावर पावडर पसरायचे तीही हलक्या हाताने, मोदकाला पिठी लावावी तशी. पहिल्या वर्षी मी झुंजलो. दुसऱ्या वर्षी पहिल्याच पाळीत त्यांनी सगळ्या पांढऱ्या सोंगट्या राणीसकट घेतल्या आणि माझा स्ट्रायकर हातातच राहिला. तिसऱ्या वर्षापासून मी हरण्याची तयारी घरूनच करून जात होतो. सोपी सोंगटी चुकायची, कारण ती चुकली की काय होणार हे आधीच दिसत असायचं.

पुढे अलेक्सांद्र करेलिन या रशियन मल्लाबद्दल वाचलं तेव्हा हसूच आलं. ग्रीको-रोमन कुस्तीत १३० किलो गटात १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. एवढ्या वजनाच्या पैलवानांना तो उचलून मागे आपटायचा. त्याची उचल लागतेय असं दिसलं की काही जण आपणहून पाठीवर जात. मला ते लोक फार जवळचे वाटले. १३ वर्षं न हरलेला हा माणूस सन २००० मध्ये सिडनीला रुलन गार्डनर नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याच्या मुलाकडून १-० असा हरला. तो एक गुणही हाताची पकड सुटल्यामुळे गेला. गार्डनरने काय केलं? तो आपटला गेला नाही. बस्स.

५. न हरल्याचे आकडे पाठ करणाऱ्याला शेवट विचारा.

मस्कतचं दैवत म्हणजे स्क्वॉशपटू जहांगीर खान. पाच वर्षं अजिंक्य, ५५५ सामने. हा ५५५ कोणी कसा मोजला यावर मास्तरांनी त्याला तीन शनिवार छळलं, कारण आकडा सगळीकडे छापला जातो पण त्यावर वादही आहेत. ते सोडा. नोव्हेंबर १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूज शहरात ज्याने त्याला हरवलं तो न्यूझीलंडचा रॉस नॉर्मन. मस्कतला हे नाव विचारलं की तो म्हणतो, “त्याचं काय एवढं?” एडविन मोझेसचंही असंच. ४०० मीटर अडथळ्यांच्या सलग १२२ शर्यती जिंकल्या आणि १९८७ साली माद्रिदमध्ये डॅनी हॅरिस पुढे गेला. पावणेदहा वर्षं चाललेला सिलसिला किती भक्कम होता, हे तो तोडायला काय लागलं त्यावरून कळतं.

६. नियम बदलावा लागला असेल तर वाद तिथेच थांबवा.

ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम बिलियर्ड्सच्या टेबलावरून उठतच नसे. १९३२ साली त्याने एकाच पाळीत ४१३७ गुण केले. शेवटी ठरावीक गुणांनंतर चेंडूने बॉक रेषा ओलांडलीच पाहिजे असा नियम आणावा लागला. पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

७. एका मातीपुरती हुकूमत हीसुद्धा हुकूमतच.

फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर राफाएल नदाल ११६ सामने खेळला आणि ११२ जिंकला. मास्तर म्हणाले, “हा तर तालमीतलाच माणूस.”

८. समोरचा मैदान सोडून गेला तर मोजपट्टीच मोडते.

डिसेंबर १९४८, पुणे. रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक उच्चांक नाबाद ४५२, बरोबरीला फक्त नऊ धावा कमी. काठेवाडच्या संघाने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडला. भारतीयाचा प्रथम श्रेणीतला सर्वोच्च डाव आजही तोच आहे, आणि निंबाळकरांना कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. क्लब क्रिकेटर ही गोष्ट दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्याचा आवाज तितकाच चढतो. माझं लक्ष मात्र काठेवाडकडे जातं. मामांसमोर तिसऱ्या वर्षी मी उठून गेलो असतो तर? मनात आलं होतं.

९. यादीत बायका नसतील तर यादी अर्धीच आहे.

हे माझ्या बायकोने शिकवलं. भाजीची पिशवी घेऊन जाताना ती दोन मिनिटं थांबली, ऐकलं आणि म्हणाली, “तुमच्या यादीत बायका एवढ्या थोड्या कशा?” त्या रात्री मी एस्थर वर्गीरबद्दल वाचत बसलो. नेदरलँड्सची व्हीलचेअर टेनिसपटू. जानेवारी २००३ नंतर एकेरीचे सलग ४७० सामने जिंकले आणि २०१३ साली न हरताच निवृत्ती जाहीर केली. पॅरालिंपिकमध्ये २००० पासून २०१२ पर्यंत एकेरीची चारही सुवर्णं तिची.

पुढच्या शनिवारी मी आकडा सांगितला. कोणी वाद घातला नाही. मग मास्तरांनी आमचाच नेहमीचा प्रश्न विचारला: दुसरी कोण? चौघांपैकी एकालाही नाव सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं. २०१२ च्या लंडनमधल्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर अनीक फान कूट होती. काही महिन्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, फान कूटने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. वर्गीर त्या स्पर्धेत उतरलीच नव्हती.

मला फान कूटला पत्र लिहावंसं वाटलं. कारण मामा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी बँकेची स्पर्धा मी जिंकली. करंडक मिळाला, पेढे वाटले, व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. मामा पाहायला आले होते, मागच्या बाकावर छत्री मांडीवर धरून बसले होते. सगळे पांगल्यावर जवळ आले, करंडक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, “साहेब, दुसऱ्या बोर्डात राणी घाईत घेतलीत. कव्हर नव्हतं.”