आईचे पत्र

कौटुंबिक पत्रात माहितीइतकाच जिव्हाळाही महत्त्वाचा असतो. म्हैसूरमध्ये स्थायिक झालेली एक मराठी आई परदेशी असलेल्या मुलांना लिहिते, अशी कल्पना करा :

म्हैसूर, १६ जानेवारी
चि. मुलांनो, अनेक उत्तम आशीर्वाद.
इकडे पहाटे चांगलीच थंडी असते. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी एळ्ळु-बेल्ल दिले. त्यात तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे असते. मी त्यांना तिळाच्या वड्या दिल्या. आपल्यासारखेच तेही तीळगूळ देताना गोड बोलायला सांगतात. तुमचे बाबा पूर्वी कुक्करहळ्ळी तलावावर फिरायला जात. हल्ली फाटकापर्यंतच जातात. काळजी नसावी.
तुमची आई

वरवर पाहता या साध्या घरगुती बातम्या आहेत. परंतु 'फाटकापर्यंतच' या शब्दातील 'च' पाहा. वडील थकले आहेत, हे आई त्या एका अक्षरातून सुचवते आणि लगेच मुलांना धीर देते. जे लिहिलेले नाही, तेही वाचता येणे, हेच पत्रवाचनाचे मर्म होय.

कृती : मुलांच्या वतीने या पत्राला उत्तर लिहा. त्यात वडिलांची विचारपूस कोणत्या शब्दांत कराल?