सोनेरी नामपट्टी

दिल्लीच्या करोल बागेतील बँक स्ट्रीट सराफांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखादा दागिना जवळून न्याहाळला, तर ध्यानात येते की, सोने सर्वत्र पिवळे दिसत नाही. कोठे ते जवळजवळ पांढरे, तर कोठे गडद तपकिरी भासते. या छायाप्रकाशाच्या मेळालाच आपण झळाळी म्हणतो. संगणकावर सोनेरी अक्षरांची नामपट्टी करावयाची असल्यास हेच तत्त्व उपयोगी पडते.

'गिंप' या विनामूल्य आज्ञावलीत 600 पिक्सेल रुंद व 200 पिक्सेल उंच असा पारदर्शक पट घ्यावा. पिक्सेल म्हणजे चित्राचा लहानात लहान रंगबिंदू होय. नक्षी आणि अक्षरे निरनिराळ्या थरांवर ठेवावीत, म्हणजे एकात बदल करताना दुसऱ्यास धक्का लागत नाही. अक्षरांत एकच पिवळा रंग भरला, तर ती हळदीने माखल्यासारखी दिसतात. म्हणून वरून खाली फिका पिवळा, तपकिरी व पुन्हा फिका असा रंगक्रम द्यावा.

देवनागरीत एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रोमन अक्षरांतील अंतर वाढविले तरी शब्द शाबूत राहतो. आपल्या लिपीत शिरोरेषाच तुटते. ज्याच्यासाठी पट्टी करावयाची, त्याचेच नाव मोडके लिहून भोवती वेलबुट्टी काढण्यात काय हशील? जोडाक्षरे नीट जुळण्यासाठी युनिकोड फाँट वापरावा.

तयार पट्टी पीएनजी रूपात साठवावी. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही. थर कायम ठेवणारी एक्ससीएफ प्रतही जपावी. पुढील नामपट्टीच्या वेळी केवळ अक्षरे बदलावी लागतात.