जुन्या चित्रपटाचे रंग कसे जुळवतात?

संध्याकाळी खिडकीजवळ एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या बाजूस मेणबत्ती लावा. मध्ये पेन्सिल उभी धरा. कागदावर तिच्या दोन सावल्या पडतील. मेणबत्तीमुळे पडलेली सावली निळसर दिसेल आणि खिडकीच्या उजेडाने पडलेली पिवळसर! एरवी आपण मेणबत्तीच्या उजेडातही कागद पांढराच समजतो, कारण डोळा व मेंदू उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतात. फिल्मला हे जमत नाही. त्यामुळे एकाच प्रसंगाचा एक तुकडा भर दुपारी आणि दुसरा सायंकाळी चित्रित केला, तर नायकाचा तोच सदरा आधी पांढरा व क्षणात तांबूस दिसतो.

यावर जुना उपाय होता. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लाल, हिरवा व निळा हे तीन प्रकाश निरनिराळे कमीजास्त करीत. प्रत्येकासाठी १ ते ५० अशी मोजपट्टी असे. १२ अंक वाढवले की प्रकाश दुप्पट होई. जाणकार मनुष्य प्रत्येक तुकड्यासाठी असे तीन आकडे ठरवी.

परंतु चित्रपट जुना असेल, तर हा उपाय अपुरा पडतो. रंगीत निगेटिव्हमध्ये पिवळ्या, किरमिजी व मोरपंखी रंजकांचे तीन थर असतात. काळाच्या ओघात ही रंजके उडतात, आणि तीही सारख्या वेगाने नव्हे. समजा, पिवळे रंजक २० टक्के उडाले. निगेटिव्हमध्ये उजळ वस्तू दाट उमटते व सावली विरळ. उजळ भागाची घनता १.५ होती ती १.२ झाली, म्हणजे ०.३० ने घटली. सावलीची ०.४ होती ती ०.३२ झाली. घट फक्त ०.०८. मोजपट्टीचा एक अंक म्हणजे घनतेत ०.०२५. म्हणून उजळ भागासाठी निळा प्रकाश १२ अंकांनी कमी करायला हवा, पण सावलीसाठी अवघ्या ३ अंकांनी. सगळीकडे १२ केले, तर चेहरे ठीक होतील आणि सावल्या निळ्या पडतील. ३ केले, तर सावल्या सुधारतील, पण चेहरे पिवळे राहतील.

बेरीज-वजाबाकीने हे सुटत नाही, गुणाकाराने सुटते! १.२ ला १.२५ ने गुणा, १.५ येतात. ०.३२ ला गुणा, ०.४ येतात. आज निगेटिव्हचा प्रत्येक बिंदू संगणकात आकड्यांच्या रूपाने साठवता येतो, म्हणून असा गुणाकार शक्य झाला. (प्रत्यक्षात रंजके इतक्या शिस्तीने उडत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.)

मग संगणकाला सांगावे की सर्व सदरे पांढरे कर, आणि मोकळे व्हावे? इथेच मोठी फसगत होते. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द गॉडफादर’ (१९७२) या अमेरिकन चित्रपटाचे छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी घरातील प्रसंग मुद्दाम काळोखे आणि मधासारख्या पिवळसर रंगाचे ठेवले होते. बाहेर अंगणात लग्नाचा लखलखाट आणि आत अंधाऱ्या खोलीत गुन्हेगारीचे व्यवहार! दोन्हीकडचा पांढरा रंग सारखा केला, तर दिग्दर्शकाला सांगायचे होते तेच पुसले जाईल.

या चित्रपटाची निगेटिव्ह वापरून वापरून झिजली होती. खराब तुकड्यांच्या जागी नकलेचे तुकडे जोडलेले असल्याने शेजारशेजारचे रंग जुळत नव्हते. रॉबर्ट हॅरिस यांच्या देखरेखीखाली तिचे पुनरुज्जीवन होऊन २००८ मध्ये नवी आवृत्ती आली. मूळ रंग ठरवायला त्यांनी टेक्निकलर पद्धतीची जुनी प्रिंट प्रमाण मानली. या पद्धतीत रंजके ठशाने छापल्यासारखी फिल्मवर उतरवली जात आणि ती फारच सावकाश उडतात. शिवाय विलिस यांचाही सल्ला घेतला गेला. कोणता पिवळा रंग काळाने आणला आणि कोणता त्यांनी स्वतः, हे आकड्यांवरून कळण्यासारखे नव्हते.